गच्चीचा तह

जमालुद्दीनच्या गळ्यात अख्खं बंदर राहत होतं. बहारीनला मीना सलमानच्या गोदीवर एका शिपिंग एजंटाकडे तो कारकून होता. जहाजांची कागदपत्रं, खलाशांचे पास, कस्टमच्या खेपा, यात त्याचा दिवस जायचा. दिवसभर ज्यांच्याशी गाठ पडायची त्या सगळ्यांना तो संध्याकाळी गुदैबिया वस्तीतल्या घरी घेऊन यायचा. माणसं गोदीवरच राहायची, आवाज तेवढे घरी यायचे. मल्याळी मॅनेजर जेवायला बसायचा: "जमाल, शिप इज कमिंग, पेपर इज नॉट कमिंग! व्हाय?" रस्त्यावरचा हवालदार भाताच्या ढिगावर शिट्टी मारायचा: "यल्ला, रफीक, यल्ला! मफी वकूफ!" म्हणजे चल मित्रा, इथे थांबायचं नाही. आणि इमारतीचा मालक दाढी कुरवाळत दर खेपेला तेच म्हणायचा: "बुक्रा, इंशाल्ला." बुक्रा म्हणजे उद्या. मालकाचा उद्या कधी उगवलाय का कुणाच्या देखत?

"अब्बा, डू द पोलीस अगेन!" मुलगी निदा ओरडायची. तिला मराठी सगळं कळे, उत्तर मात्र इंग्रजीत.

"अवो, त्या हवालदाराला जेवन झाल्यावर बोलवा," बायको नूरबानो पोळी टाकत म्हणायची. "भात थंड व्हतो."

पण हे सगळे किरकोळ. जमालुद्दीनचा खरा नग म्हणजे 'बालिओजचा दरबार'. लग्न असो, बाळाचा अकीका असो, कोकणी माणसं जमली की कुणीतरी म्हणणारच, "जमालभाई, बालिओज होऊन जाऊ दे." बालिओज म्हणजे इंग्रजांचा एजंट, बहारीनची जुनी माणसं त्याला तेच म्हणत. गोष्ट जमालुद्दीनच्या बापाची, रहिमतुल्लाची. रहिमतुल्ला श्रीवर्धनहून गलबतात कौलं भरून इथे यायचा. एकदा माल उतरवताना दोर तुटला आणि कौलांची पेटी हमालाच्या पायावर पडली. हमाल इथलाच, गरीब. त्याने फिर्याद केली. पण रहिमतुल्ला हिंदी, म्हणजे इंग्रजांची रयत. तहात कलम होतं की इंग्रजांच्या रयतेला इथला काझी एकटा हात लावू शकत नाही, इंग्रज एजंट बसल्याशिवाय न्याय नाही. आता जमालुद्दीन पाठ ताठ करून साहेब व्हायचा, मान खाली घालून दुभाषा मुनशी व्हायचा, आणि मग सगळ्यात मोठा हशा घेणारा हमाल व्हायचा. एक पाय ओढत, नाकातून रडत तो अरबीत लांबलचक काहीतरी सांगायचा. ते संपलं की मुनशी साहेबाकडे वळून म्हणायचा, "साहेब, ही सेज, पाय दुखतो." बस, एवढंच! हमाल बापडा आणखी रडायचा. मुनशी म्हणायचा, "ही सेज, फार दुखतो." साहेब निकाल द्यायचा: हमालाने पुढच्या खेपेला सांभाळून उभं राहावं. आणि मग जमालुद्दीन बापाच्या आवाजात, मिशीवर बोट फिरवत शेवटचं वाक्य टाकायचा:

"दोर आमचाच सडका होता, पन तहात दोराचं कलमच नव्हतं!"

माणसं लोळायची.

तहांचं त्याला वेडच होतं. चीनच्या किनाऱ्यावरची बंदरं इंग्रजांनी तहाने कशी उघडून घेतली, तिथे परक्या माणसाचा न्याय परक्याच्याच कोर्टात कसा व्हायचा, इथल्या शेखांनी इंग्रजाला 'तुझ्याशिवाय दुसऱ्या कुठल्या सरकारशी करार करणार नाही' असं कसं लिहून दिलं, हे सगळं तो दाढी करतानाही सांगू शकायचा. "आपन मराठी मानसं," तो म्हणायचा, "युद्धात जिंकतो आनी तहात हरतो. कारन तहाला बसायची अक्कल नाय." स्वतःला ती आहे, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. इथल्या कोकणी मुसलमानांच्या जमातीचा सेक्रेटरी तो. कुणाचं मयत गावी पाठवायचं, कुणाचं भांडण मिटवायचं, सगळीकडे बोलायला जमालुद्दीन. गच्चीची किल्लीसुद्धा त्याच्याच दाराआड खुंटीला, कारण दर शुक्रवारी नमाजनंतर जमातीची बैठक गच्चीवर व्हायची.

सन पंच्याण्णवच्या मार्चात त्या गच्चीवरचा पंप मेला.

टँकरवाला गोडं पाणी तळातल्या हौदात सोडून जायचा, आणि पंप ते वरच्या टाकीत चढवायचा. पंप बंद, म्हणजे सगळ्या बायका कॅन घेऊन जिन्यात. मालक म्हणाला, बुक्रा. पुढच्या आठवड्यातही बुक्राच. शेवटी नूरबानोने रिकामी कॅन नवऱ्याच्या पायाशी आदळली आणि म्हणाली, "तुमच्या तहात पान्याचं कलम हाय का बघा जरा."

वरच्या मजल्यावर रामजी राहत होता. महाडजवळचा, बौद्ध, एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. तिथल्या मोटारींपुढे हा पंप म्हणजे खेळणं. जमालुद्दीन त्याच्या दारात गेला.

"रामजीभाऊ, तुम्ही महाडचे, आम्ही म्हसळ्याचे. म्हणजे घरचेच की. एक काम होतं."

रामजी बोलायला हळू. शब्द तोंडातून काढण्याआधी तो जणू मल्टिमीटर लावून तपासायचा. "करू की. मोटर जळली असंल. वायंडिंग करून देतो," तो म्हणाला. मग थांबला. "जमालभाई, आमचं पण एक होतं. चौदा एप्रिल शुक्रवारी येतोय. आमची सगळी माणसं येतात दरवर्षी, बाबासाहेबांच्या जयंतीला. घर पुरत नाही. आमचं पोरगं दरवर्षी फ्रिजला पाठ लावून भाषण करतं. फक्त एक संध्याकाळ, गच्ची मिळाली तर…"

झालं. जमालुद्दीनच्या अंगात वकील संचारला. तो उभा राहिला, हात छातीवर. "जमातीच्या वतीनं मी शब्द देतो. चौदा तारखेला गच्ची तुमची."

कुसुमबाई, रामजीची बायको, चहा घेऊन उभी होती. "जमातीला इचारावं लागंल ना, भाऊ?"

"वहिनी, राजाचा वकील बोलला म्हंजे राजा बोलला!" साहेबी आवाजात तो म्हणाला. कुसुमबाई हसली. तिने भाकरी आणि सुकटाची चटणी पुढे ठेवली. जमालुद्दीनने चाटूनपुसून खाल्ली. म्हसळ्याची चव, घरचीच.

रामजीने दोन शुक्रवारच्या सकाळी पंपाशी काढल्या. तांब्याची तार स्वतः आणली, मोटर खोलली, नवी गुंडाळली. पाणी चढलं तेव्हा जिन्यातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. तहातली त्याची बाजू तारखेच्या आधीच पुरी झाली. आणि जमालुद्दीनने काय केलं? खुंटीवरची किल्ली पाहिली आणि ठरवलं, जमातीला सांगू, सवडीने सांगू. सवड मिळाली नाही. म्हणजे मिळाली होती, चांगली तीन वेळा. पण वलीभाईचा चेहरा समोर आला की शब्द मागे फिरायचा.

वलीभाई जमातीचे प्रमुख. त्यांचं किराण्याचं दुकान. तिथे तूरडाळीपासून कोकमापर्यंत सगळं मिळायचं आणि गल्लीतली प्रत्येक बातमीही. जयंतीच्या आधीच्या शुक्रवारी बैठक बसली, चटया पसरल्या, चहाचा थर्मास फिरला. टाकीमागे पंप मजेत गुणगुणत होता. वलीभाईंनी घसा खाकरला. ते प्रत्येक वाक्याआधी खाकरायचे, जणू आतून कुणी दार उघडतंय.

"जमालुद्दीन. काल कुसुमबाई आली व्हती दुकानात. खुर्च्या कुटं भाड्यानं मिलतील ते इचारत व्हती. गच्चीसाठी. पुढच्या शुक्रवारी." खाकरणं. "कंची गच्ची?"

सगळ्यांचे डोळे जमालुद्दीनवर.

"ते… पंपाचं काम त्यांनी केलं ना…"

"क्येलं, बेस क्येलं. आपन शुक्रिया बोलू, मिठाई देऊ. पन गच्चीचा शब्द कुनी दिला? शहरात दंगे चाललेत ते बगतोस ना? चार टालकी जमली का पोलिसांची जीप हुबी."

आपण दर शुक्रवारी इथेच बसतो, हे जमालुद्दीनच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. ते त्याने चहाबरोबर गिळलं.

"आनी तूच सांगतोस ना चीनची गोष्ट?" वलीभाई पुढे सरकले. "एक बंदर उघडलं, मंग पाच उघडायला लागली. आज जयंती, उद्या वाढदिवस, परवा लगीन. दार एकदा उघडलं का मंग बंद व्हत नाय."

"आनी ती लोका…" मागून कुणीतरी सुरू केलं आणि तिथेच सोडलं. 'ती लोका' काय, हे कुणी विचारलं नाही. वाक्याचा शेवट सगळ्यांनाच ठाऊक होता.

हीच वेळ होती. 'शब्द मी दिला, न विचारता दिला, चूक माझी, पण शब्द जमातीच्या नावाने गेलाय,' एवढं म्हणायचं. दोन घोट चहाइतकं काम. जमालुद्दीनने तोंड उघडलं आणि त्याच्या गळ्यातलं बंदर आयत्या वेळी मदतीला धावलं.

"शब्द? कसला शब्द, वलीभाई?" तो हसला. "नुसतं बोलनं झालं. हेगच्या कोर्टात चाललंय ना, इथल्या सरकारचं आनी शेजारच्या देशाचं? बैठकीचं टिपन म्हंजे तह का नुसतं टिपन? तसं हाय हे. आमचं नुसतं टिपन!"

हशा पिकला. त्या कोर्टाने काय ठरवलं, हे जमालुद्दीनला गच्चीवरच्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. टिपणावरही सही केली की करार झाला, मनात काय होतं ते नंतर सांगून उपयोग नाही. ती बातमी त्यानेच नूरबानोला वाचून दाखवली होती. "बग, सही करून आता कसे मागे सरतात!" म्हणून टाळीही मागितली होती.

पण हशा म्हणजे उतारावरची गाडी. थांबेल कशी? त्याने खांदे पाडले, हात पुढे बांधले आणि बोलणं हळू केलं. इतकं हळू, की प्रत्येक शब्दाला जणू कुणी मीटर लावतंय. सगळ्यांनी लगेच ओळखलं.

"जमालभाई… आमचं पोरगं… दरवर्षी… फ्रिजला पाठ लावून… भाषन करतं…"

गच्ची हादरली. कुणाच्या नाकातून चहा आला. वलीभाई खाकरायचंही विसरले. जमालुद्दीनने डोळे बारीक केले, ओठ थरथरवले आणि रडका सूर लावला. रामजी असा रडका कधीच बोलला नव्हता. तो नाकातला सूर दुसऱ्याच कुणाचा होता. "फक्त… एक संध्याकाल…"

टाकीमागून रामजी बाहेर आला.

हातात पाना, दुसऱ्या हातात चिंधी. पंपाचा पहिला आठवडा म्हणून तो टाकीतला फ्लोट तपासायला आला होता. नमाजला जाण्याआधी त्याला गच्चीचं दार उघडून दिलं होतं कुणी? जमालुद्दीननेच. उघडून दिलं आणि विसरला.

थर्मास कुणाच्या तरी हातात तसाच तिरका राहिला. रामजीने चिंधीने एकेक बोट पुसलं.

"चालू आहे," तो वलीभाईंना म्हणाला. "आता बंद पडणार नाही."

आणि जिना उतरून गेला. पावलं तशीच, त्याच्या बोलण्यासारखी, एकेक.

त्या संध्याकाळी नूरबानोने नवऱ्यापुढे ताट ठेवलं आणि समोर बसली. खालच्या बायकांकडून तिला सगळं कळलं होतं. "आज कोन येनार जेवायला?" तिने विचारलं. "मॅनेजर? हवालदार? का वरचे?" जमालुद्दीन मान खाली घालून जेवला.

दुसऱ्या दिवशी तो वर गेला. जिन्यात त्याने सगळं भाषण जुळवलं होतं. वकिलाकडे अधिकारपत्र नसेल तर त्याने केलेला तह राजाला बांधत नाही. कायदाच तसा आहे. दोष माझा, जमातीचा नाही. दार कुसुमबाईने उघडलं. आत रामजी पोराकडून भाषण पाठ करून घेत होता. पोरगं उभं होतं ते फ्रिजसमोरच.

"रामजीभाऊ, काल जे झालं… त्यात असं आहे की माझ्याकडे अधिकार नव्हता, म्हणजे कायद्याने बघितलं तर—"

"हां," रामजी म्हणाला.

"—जमातीला ते लागू होत नाही. आणि दिवसही बरे नाहीत…"

"हां. बरोबर आहे."

भाषण तिथेच संपलं. एवढं जुळवलेलं आणि दोन 'हां'मध्ये संपलं. रामजी भांडला असता तर त्याला उत्तर देता आलं असतं. भांडणाला जमालुद्दीनकडे अर्धा डझन आवाज होते.

कुसुमबाई स्वयंपाकघरातून पेला घेऊन आली. काठोकाठ भरलेला, वरच्या टाकीतल्या पाण्याचा.

"पानी घ्याल ना, भाऊ?" ती म्हणाली. "का तेबी जमातीला इचारून?"

जमालुद्दीनने पेला घेतला. महाडच्या बाईने पाण्याबद्दल विचारलेला प्रश्न होता तो. आणि तो त्याच जिल्ह्यात वाढला होता, त्याला समजावून सांगायला कुणाची गरज नव्हती. त्याने पेला एका दमात रिकामा केला. ठसका लागला. पोरगं हसलं. रामजीने पोराकडे नुसतं पाहिलं, पोरगं गप्प झालं. ते पोराला गप्प करणंच जमालुद्दीनला सगळ्यात जास्त लागलं. त्याच्या इज्जतीची काळजी त्या घरात घेतली जात होती.

चौदा तारीख आली. त्या शुक्रवारी जमातीची बैठक झालीच नाही. वलीभाईंचा निरोप आला, दिवस बरे नाहीत, या खेपेला राहू दे. म्हणजे गच्ची मोकळी, साफ मोकळी, वर आभाळ आणि पंपाची गुणगुण. वरच्या मजल्यावर माणसं येत होती. चपलांचा ढीग दारातून जिन्यात आला, जिन्यातून खालच्या वळणावर आला. इस्त्रीचे शर्ट, पांढऱ्या साड्या, कडेवर पोरं. जागा नाही म्हणून बाप्ये जिन्याच्या पायऱ्यांवर बसले. जमालुद्दीनच्या दारापर्यंत. त्याने दार उघडलं तर एक अनोळखी माणूस अदबीने पाय आखडून बसला, "सॉरी हां, साहेब."

साहेब!

त्याने खुंटीवरची किल्ली काढली.

"अवो, वलीभाई काय बोलतील?" नूरबानोने विचारलं. विचारता विचारता कपाटावरच्या चटया मात्र तिनेच खाली ओढल्या.

दोघं त्या माणसांमधून वाट काढत वर गेले. जमालुद्दीनने गच्ची झाडली, चटया पसरल्या, टाकीजवळच्या खांबाला दिवा लावला. पोराला उभं राहायला म्हणून एक लाकडी खोकंही पालथं घातलं. मग खाली येऊन रामजीच्या दारात उभा राहिला. आत पोराचं भाषण चालू होतं. पाठ फ्रिजलाच. आवाज मात्र खणखणीत, एकही शब्द न चाचरता. जमालुद्दीन थांबला. टाळ्या झाल्या.

"रामजीभाऊ," तो हळूच म्हणाला. "गच्ची उघडलीय. चटया घातल्यात. दिवापण आहे."

रामजी उठून दारात आला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पाहुण्याशी बोलावं तसं तो बोलला.

"आता माणसं बसलीत, जमालभाई. उठवायची कशाला? राहू द्या." मग थोडं थांबून, "या ना. आत उभं राहायला होईल जागा."

जमालुद्दीनला आत जाता आलं असतं. "वर दिवा जळतोय," असं काहीतरी पुटपुटत तो पुन्हा गच्चीवर गेला. रिकाम्या चटयांच्या काठावर बसून राहिला. खालून गाणं ऐकू येत होतं, डफाचा ठेका येत होता. मधूनच पंप सुरू व्हायचा. खाली कुणीतरी पाणी घेत होतं.

मे महिन्यात बकरी ईद झाली आणि लगेच शहरातल्या माहूज भागात वलीभाईंच्या नातवाचा अकीका. मोठा हॉल, बिर्याणीचे टोप, अख्खी जमात. जेवणं उरकली तशी हाक आली, "जमालभाई, बालिओज!" निदाही पुढे येऊन बसली. "अब्बा, डू द हमाल! हमाल इज द बेस्ट!"

तो उठला. साहेब जमला, पाठ ताठ, हनुवटी वर, हशा. मुनशी जमला. बाप जमला. मग त्याने एक पाय ओढायला घेतला आणि तोंड उघडलं.

नाकातला तो रडका सूर आला नाही. आला तो हळू, तपासून ठेवलेला शब्द, एकेक. हमाल न रडता बोलत होता. तो असाच बोलला असेल बहुधा, मुनशीने त्याचं म्हणणं दोन शब्दांत गुंडाळायच्या आधी. जमालुद्दीनला ते ऐकू आलं तसं त्याचं तोंड मिटलं. ओढलेला पाय त्याने जागेवर घेतला.

"पुढे?" कुणीतरी हाक दिली. "दोराचं बोला, दोराचं!"

मिशीवर बोट गेलं नाही.

"दोर आमचाच सडका होता," जमालुद्दीन म्हणाला. बापाच्या आवाजात नाही, स्वतःच्या.

माणसं उरलेल्या अर्ध्या वाक्याची वाट पाहत राहिली. कुणी हसायला तोंड अर्धवट उघडून ठेवलेलं. वलीभाईंनी खाकरून पाहिलं. जमालुद्दीन खाली बसला आणि नूरबानोने पुढे केलेला पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला.